पंधरा दिवसांत बरं वाटतं, मग टीबीच्या गोळ्या सहा महिने कशाला?

टीबीचा कोर्स सुरू झालेल्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, रात्रीचा घाम थांबतो, भूक लागायला लागते, वजनाचा काटा किलोभर पुढे सरकतो. माणूस पुन्हा यंत्रमागावर उभा राहतो. विडी वळणारी बाई पुन्हा सूप मांडीवर घेते. मग शेजारचं कुणीतरी म्हणतं, "आता बरं आहे की, कशाला एवढ्या गोळ्या खायच्या?" तिसऱ्या महिन्यात गोळ्या सुटतात आणि वर्षाच्या आत खोकला परत येतो.

"टीबीमुक्त भारत"चे फलक रेल्वे स्टेशनपासून सिव्हिलपर्यंत दिसतात. ७ डिसेंबर २०२४ ला देशातल्या निवडक जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीमही सुरू झाली. पण सहा महिनेच का, याचं उत्तर फलकावर मावत नाही. ते या जंतूच्या शरीरात आणि आपल्या पेशींत आहे. ते एकदा नीट कळलं की चार औषधं का, रोज का, बरं वाटल्यावरही का, हे सगळे प्रश्न एकाच धाग्यात ओवले जातात.

मेणाचा अंगरखा घातलेला, अतिशय सावकाश जंतू

रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये हा जंतू दाखवला. शटलमधल्या कांडीसारखा लांबट, पण लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते चार पट. याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली गोष्ट म्हणजे त्याचं कवच. ताण्याच्या सुताला खळ दिली की त्यावर एक थर चढतो आणि सूत घर्षण सोसतं, हे यंत्रमागावर काम करणाऱ्याला सांगायला नको. या जंतूच्या अंगावरही थर आहे, पण तो मेणाचा. त्यातल्या मुख्य घटकाला मायकोलिक आम्ल म्हणतात. शेंगतेलातल्या चरबीची साखळी बहुतेक १८ कार्बन अणूंची असते, मायकोलिक आम्लाची ६० ते ९० अणूंची. इतक्या जाड मेणातून पाण्यात विरघळणारी औषधं आत शिरायला त्रास होतो. प्रयोगशाळेत याच मेणामुळे तो ओळखूही येतो. काचपट्टीवर लाल रंग ओतून खालून वाफा येईपर्यंत तापवतात, मग त्यावर २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल ओततात. बाकी सगळ्यांचा लाल रंग धुऊन जातो, टीबीच्या जंतूचा जात नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात.

दुसरी गोष्ट त्याचा वेग. पोट बिघडवणारे नेहमीचे जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी १८ ते २४ तास लागतात. बहुतेक औषधं जंतू वाढत असताना, नवं कवच विणत असताना घाव घालतात. माग चालू असेल तर मध्ये दांडा घालून सूत तोडता येतं, बंद मागात दांडा घालून काय तुटणार? सहा महिन्यांच्या हिशेबाचं मूळ इथं आहे.

आपल्याच पेशीच्या पोटात मुक्काम

रुग्ण खोकला, मोठ्यानं बोलला की अतिबारीक थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात, बारीक सुकून हवेत तासन्‌तास तरंगतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या हवेच्या फुग्यापर्यंत पोचतात. तिथं पहाऱ्याला भक्षक पेशी असतात. त्यांचं काम आलेला जंतू गिळायचा, पोटातल्या एका पिशवीत ठेवायचा आणि त्या पिशवीला आम्लाची, पाचक रसांची दुसरी पिशवी जोडून त्याला जिरवायचं.

टीबीचा जंतू गिळला जातो, पण जिरत नाही. तो काही प्रथिनं आणि चरबीचे रेणू सोडून त्या दोन पिशव्यांची जोडणीच रोखतो. पुढे पिशवीच्या भिंतीला भोकंही पाडतो. ज्या पेशीनं मारायचं, तिच्याच पोटात तो राहतो आणि तिच्यातली चरबी, कोलेस्टेरॉलसुद्धा, खाऊन जगतो.

मग शरीर आणखी पेशी पाठवतं. भुईकोट किल्ल्याला वेढा पडावा तशा त्या भोवती थरांनी जमतात आणि एक गाठ तयार होते. गाठीच्या मध्यभागी मेलेल्या पेशींचा खव्यासारखा भुसभुशीत लगदा होतो. तिथं रक्तवाहिनी नाही, प्राणवायू जवळजवळ नाही. हवा कमी पडली की जंतूत पन्नासेक जनुकांचा एक गट चालू होतो आणि वाढ जवळपास थांबते. शेती पडीक राहावी पण बी जमिनीत जिवंत असावं, तशी ती स्थिती असते.

हा वेढा फक्त आपल्या फायद्याचा असतो, असं बरीच वर्षं मानलं जाई. टीबीवर संशोधन करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांच्या गटानं झेब्राफिश या पारदर्शक माशाच्या पिलांत, टीबीच्या जवळच्या नातलग जंतूवर हे प्रत्यक्ष पाहिलं. पिलू काचेसारखं असल्यामुळे पेशींची ये-जा जिवंतपणी दिसते. संसर्ग झालेली पेशी मेली की नव्या पेशी तिला गिळायला धावतात आणि त्यांनाही जंतू लागतो. सुरुवातीच्या काळात वेढाच जंतूला नवी घरं पुरवतो. तरी वेढा मोडणं परवडत नाही. संधिवातासाठी दिली जाणारी काही इंजेक्शनं वेढा टिकवणारा एक रेणू, टीएनएफ, अडवतात, आणि ती सुरू केल्यावर दबलेला टीबी उसळतो. म्हणून त्याआधी टीबीची तपासणी करतात.

संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांत वेढा टिकतो. एचआयव्ही, मधुमेह, तंबाखू, दारू आणि अपुरं खाणं यांनी तो ढिला पडतो.

चार औषधं, चार कामं

सरकारी पाकिटातल्या एका लाल गोळीत चार औषधं असतात: आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड थांबतं, बाकी तीन औषधं पुढचे चार महिने चालतात. बरं होताना वजन वाढून पुढच्या गटात गेलं तर गोळ्याही वाढवाव्या लागतात. हे अनेकदा राहून जातं, म्हणून औषध आणायला गेलं की वजन करून घ्यावं.

आयसोनियाझिड मेणाचं कवच विणू देत नाही. वाढणारे जंतू ते झपाट्यानं मारतं, पहिल्या काही दिवसांतच त्यांची मोठी फौज पडते. ताप उतरतो तो यामुळे. इथॅम्ब्युटॉल कवचाचा दुसरा थर अडवतं आणि बाकी औषधांना राखण पुरवतं. पायराझिनामाइड आम्ल साचलेल्या जागी काम करतं, जिथं बाकीची औषधं मंदावतात. रिफाम्पिसिन मात्र अर्धवट झोपलेल्या, मधूनच तासभर जागं होणाऱ्या जंतूलाही गाठतं, कारण जागं होताना त्याला जनुकं वाचावीच लागतात आणि रिफाम्पिसिन ते वाचणारं यंत्रच अडकवतं. सहा महिन्यांचा कोर्स मुख्यतः या औषधाच्या जोरावर उभा आहे. त्याच्याआधी हाच आजार बरा व्हायला दीड ते दोन वर्षं लागत.

"बेडका निगेटिव्ह आला, आता तरी थांबवू का?"

नाही, आणि याचं कारण आकड्यात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले की अहवाल निगेटिव्ह येतो. निगेटिव्ह म्हणजे "दिसण्याइतके उरले नाहीत". गाठीच्या लगद्यात बसलेले तर बेडक्यात येतच नाहीत.

झोपलेले सगळे एकाच वेळी जागे होत नाहीत. आज काही, पंधरा दिवसांनी काही. शिवाय हा जंतू दोन भाग होतानाही असमान वाटणी करतो. एका टोकानं आधी वाढतो, त्यामुळे एकाच आईच्या दोन लेकी लांबीनं, वाढीच्या वेगानं आणि औषध सोसण्याच्या ताकदीनं वेगळ्या निघतात. म्हणून शेवटचा जागा होईपर्यंत रक्तात औषध हजर ठेवावं लागतं. रोज, खाडा न करता.

चार महिन्यांत भागतं का, हे लोकांनी तपासून पाहिलेलं आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखी औषधं घालून केलेल्या चार महिन्यांच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१४ मध्ये आले. बहुतेक रुग्ण बरे झाले, पण आजार उलटण्याचं प्रमाण सहा महिन्यांच्या कोर्सपेक्षा जास्त निघालं. का, ते पुढच्याच वर्षी रुग्णांच्या काढलेल्या फुप्फुसाच्या कापांवरून दिसलं: मॉक्सिफ्लॉक्सासिन गाठीच्या बाहेरच्या पेशींत भरपूर जमतं, मधल्या लगद्यात फारसं शिरत नाही. रिफाम्पिसिन तिथं हळूहळू मुरत जातं. २०२१ मध्ये रिफापेंटिन (रिफाम्पिसिनच्याच कुळातलं औषध) आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन एकत्र असलेला चार महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला, आणि भारतासह चार देशांतल्या चाचणीत सौम्य टीबीच्या मुलांना चार महिने पुरतात असंही दिसलं. मुदत कमी होऊ शकते, मात्र वेगळी औषधं आणि वेगळे रुग्ण निवडून. आपल्या पाकिटातल्या गोळ्या चौथ्या महिन्यात सोडून नव्हे.

एक औषध का पुरत नाही: कोटींचा हिशेब

सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावरच्या जेकार्डच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असते. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. जंतूचे जनुक म्हणजे असेच पुठ्ठे. १९९८ मध्ये याच्या सगळ्या पुठ्ठ्यांचं वाचन पूर्ण झालं: सुमारे ४४ लाख अक्षरं आणि ४ हजार जनुकं. प्रत्येक वेळी एकाचे दोन होताना हा सगळा संच नव्यानं पाडावा लागतो आणि क्वचित एखादं भोक चुकतं. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. एखादी मात्र नेमकी औषधाची पकड सुटेल अशी पडते.

आयसोनियाझिडला न जुमानणारा असा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिथं दहा कोटी जंतू सहज असतात. म्हणजे गोळीला हात लावण्याआधीच आयसोनियाझिडला दाद न देणारे शंभर आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा एखादा आत हजर असतो. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि हे वाढतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू निघायला एक कोटी गुणिले एक कोटी जंतू लागतील. इतके कुणाच्या फुप्फुसात नसतात. चार औषधं एकत्र देण्यामागे हा गुणाकार आहे, आणि चारातलं एखादं औषध आपल्या मनानं गाळायचं नाही, तेही याचसाठी.

हाच हिशेब उलटाही लागू होतो. रुग्णाच्या घरातल्या निरोगी माणसाला फक्त संसर्ग असेल तर आतले जंतू इतके थोडे असतात की न जुमानणारा असण्याची शक्यता नगण्य. म्हणून प्रतिबंधक उपचारात सहा महिने एकटं आयसोनियाझिड पुरतं, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनचे आठवड्याला एक असे बारा डोस. मात्र त्याआधी आजार नाही याची खात्री लागते. असेल आणि एकच औषध दिलं तर वरचा धोका ओढवतो.

एका अक्षराची चूक मशीनला कशी कळते

रिफाम्पिसिन न चालण्याला कारण होणाऱ्या चुकांपैकी सुमारे ९५ टक्के आरपीओबी या जनुकातल्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात असतात. सीबीनॅट आणि आपल्या गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट ही मशीन जंतूचा डीएनए वाढवून तो पट्टा तपासतात. एक-दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, दोन्ही कळतं. पातळ माध्यमात जंतू वाढवून पाहायला, म्हणजे कल्चरला, ४२ दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते.

मशीन कितीही चांगलं असलं तरी नमुना थुंकीचा दिला तर उत्तर चुकतं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, मोकळ्या हवेत जायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, मग छातीतून खोकून बेडका काढायचा. अर्धा ते एक चमचा हवा, घट्ट किंवा पिवळसर. पाण्यासारखा आणि फेसाळ असेल तर तो तोंडाचा आहे, पुन्हा द्यावा. आमच्या मते निदान चुकण्याची सर्वांत सोपी जागा हीच आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

औषध चालू असताना "पुन्हा सीबीनॅट करा" असा आग्रह धरू नये. ते मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडतं आणि बरा होत असलेला माणूस पॉझिटिव्ह दाखवतं. तेव्हा सूक्ष्मदर्शकाची तपासणी किंवा कल्चर कामाचं. आणि रक्तातल्या अँटीबॉडी पाहून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर भारतात जून २०१२ पासून बंदी आहे. कुणी अशी चाचणी सुचवली तर पैसे घालवू नका.

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही मुख्य औषधं चालत नसतील तर त्याला एमडीआर टीबी म्हणतात. पूर्वी त्यासाठी दीड-दोन वर्षं औषधं आणि कान निकामी करू शकणारी इंजेक्शनं लागत. बेडाक्विलिन या नव्या औषधानं हे चित्र बदललं. ते जंतूची ऊर्जा बनवणारं चाक अडवतं. झोपलेल्या जंतूलाही जगायला थोडी ऊर्जा लागतेच, म्हणून बंद मागाचीही वीज तोडल्यासारखं ते काम करतं. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या कोर्सला भारत सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. यात हृदयाचा ईसीजी आणि रक्तातल्या पेशी वरचेवर तपासाव्या लागतात, पायाला मुंग्या आल्या तर लगेच सांगावं लागतं.

"गोळ्या उष्ण पडतात"

एप्रिल-मेच्या उन्हात ही तक्रार वाढते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. मळमळ, जळजळ खरी असते. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं, पण उलटीनं गोळीच बाहेर पडणार असेल तर हलकं खाऊन घेतलेली बरी. पित्तावरची पातळ पांढरी औषधं गोळ्यांबरोबर घेऊ नयेत, दोन तासांचं अंतर ठेवावं.

लघवी नारिंगी होते तो रिफाम्पिसिनचा रंग, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डोळे पिवळे दिसणं, सतत उलट्या, अन्नावरची वासना जाणं हे मात्र यकृताचं लक्षण. तेव्हा गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तळपायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-६ची गोळी देतात. इथॅम्ब्युटॉलनं क्वचित लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. मागावर रंगीत सुताचे कोन लावणाऱ्याला हे सगळ्यांत आधी जाणवेल, त्यानं चष्म्याच्या दुकानाऐवजी टीबी केंद्रात जावं. रिफाम्पिसिननं गर्भनिरोधक गोळ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या कमी पडतात, तेही विचारून घ्यावं.

एखाद्या दिवशी गोळ्या राहिल्या तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायच्या नाहीत. आशाताईंना किंवा केंद्रात सांगून कोर्स पुढे चालू ठेवायचा.

"लहानपणी बीसीजी दिली होती ना?"

बीसीजी ही टीबीची लस १९२१ पासून वापरात आहे. ती लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून ती वाचवत नाही, हे तमिळनाडूतल्या चिंगलपेटच्या मोठ्या चाचणीत दिसलं. एम७२ नावाच्या नव्या लशीनं संसर्ग असलेल्या प्रौढांमध्ये तीन वर्षांत आजाराचं प्रमाण सुमारे निम्मं केलं, आणि तिची शेवटच्या टप्प्यातली चाचणी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली.

ताट वेगळं ठेवायचं का?

गरज नाही. टीबी हवेतून लागतो, ताट-वाटीतून नाही. १९५६ नंतर मद्रासमध्ये झालेल्या चाचणीत घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबाला सॅनेटोरियममध्ये (टीबीच्या खास रुग्णालयात) ठेवलेल्यांच्या कुटुंबापेक्षा जास्त धोका दिसला नाही, कारण मुख्य संसर्ग निदानाआधीच होऊन गेलेला असतो. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत पसरण्याचं प्रमाण खूप खाली येतं. तोवर तोंडाला रुमाल आणि उघडी खिडकी. सूत तुटू नये म्हणून बंद ठेवलेल्या शेडमध्ये, किंवा एकाच खोलीत पाच जण झोपतात तिथं खिडकीचं महत्त्व जास्त. "सुताच्या धुळीचा खोकला आहे" किंवा "तंबाखूचा ठसका आहे" म्हणून महिनेच्या महिने अंगावर काढणं घरच्यांना ताटापेक्षा कितीतरी महाग पडतं. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासायचा, मराठी, तेलुगू, कन्नड, घरात जी भाषा असेल तीत हे सांगून ठेवावं.

खाण्याचा भाग औषधाइतकाच मोजलेला आहे. झारखंडमधल्या चाचणीत रुग्णांच्या घरातल्या सुमारे दहा हजार माणसांना पाहिलं गेलं. ज्या घरांना महिन्याला जादा तांदूळ-डाळ मिळाली तिथं नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. वेढा देणाऱ्या पेशी प्रथिनांपासूनच बनतात. निक्षय पोषणाचे, म्हणजे रुग्णाच्या खाण्यासाठी सरकार देतं ते, पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १ हजार रुपये झाले आहेत. ते बँक खात्यात येतात, म्हणून खात्याचा तपशील पहिल्याच आठवड्यात द्यावा. भाकरीबरोबर शेंगा, डाळ, उसळ, अंडं यांवर ते खर्च व्हावेत.

कोर्स संपल्यावर एक्स-रेवर डाग राहू शकतो. तो भरलेल्या जखमेचा व्रण असतो, त्यासाठी गोळ्या वाढवत नाहीत. आजार उलटला तर बहुधा पहिल्या वर्षात उलटतो. म्हणून पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी केंद्रात जायचं, आणि खोकला किंवा ताप परत आला तर तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात बेडका द्यायचा.